थंडी उतरताना सांदवाडीची कामे



संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाला. लाखांदूरकडे पहाटे चुलबंदच्या काठावर अजून धुके असते आणि शेकोटीभोवती माणसे बसलेली दिसतात. पण दुपारी वावरातून चालताना पाठीला ऊन लागू लागले आहे, हे तुमच्याही ध्यानात आले असेल. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे जुनी माणसे सांगतात. तेव्हा संक्रांतीपासून होळीपर्यंतच्या या दीड-दोन महिन्यांत घरामागच्या सांदवाडीत कोणकोणती कामे करावीत, याविषयी आज मी तुमच्याशी चार गोष्टी बोलणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, "सांदवाडीचं काय एवढं मोठं? धानाचं, हरभऱ्याचं, उन्हाळी रोवणीचं सांगा." बरोबर आहे. पण धानाच्या मुलखात एक गोष्ट दरवर्षी घडते आणि आपण तिच्याकडे पाहत नाही. दिवाळीपासून माघापर्यंत घरोघर भाजी असते. वांगी असतात, भेदरं असतात, पोपटाच्या शेंगा असतात, लाखोळीची नि हरभऱ्याची कोवळी भाजी असते. पुढे चैत्र-वैशाख येतो. घरात धान असते, पण भाजी नसते. बाजारात भाजी असते, पण तिला पैसे पडतात. मग ताटात भात आणि त्यावर पातळ वरण किंवा नुसती चटणी. मोठ्या माणसाचे कसेबसे निभते. वाढत्या मुलाचे, अंगावर पाजणाऱ्या बाईचे किंवा दिवस गेलेल्या लेकीसुनेचे मात्र निभत नाही. रक्त कमी होते, डोळ्यांना त्रास होतो, जरा काही झाले की मूल आजारी पडते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. पाच माणसांच्या घराला हा हिशोब लावून पाहा. मुलांचा वाटा कमी धरला तरी रोज दीड-पावणेदोन किलो भाजी लागते. भर उन्हाळ्यात रोज एवढी भाजी विकत आणणे किती घरांना परवडते? म्हणून सांदवाडीचे काम हे हौसेचे नाही. उन्हाळ्यातले ताट या माघातच ठरते. आज लावलेली वेल चैत्रात फळ देईल. होळीनंतर लावलेली वेल मात्र कोवळेपणीच उन्हाच्या तडाख्यात सापडेल.

यात अडचण आहे, तीही मला ठाऊक आहे. जिथे इटियाडोहचे, गोसीखुर्दचे किंवा मोटारपंपाचे पाणी पोचते, तिथे याच दिवसांत उन्हाळी धानाची रोवणी असते. बाया सकाळी रोवणीला जातात, त्या दिवस कलल्यावर परततात. त्यात झाडीपट्टीत हा नाटकांचा हंगाम. रात्री जागरण घडते. मग सांदवाडीला वेळ कोण देणार? यावर एकच उपाय आहे. हे काम एकट्या बाईवर टाकू नये. खड्डे खणणे, कुंपण करणे, खत वाहणे ही पुरुषांची कामे समजावीत. पाणी घालणे आणि किडे वेचणे हे मुलांकडे द्यावे. रोज अर्धा तास घरातल्या सर्वांनी दिला, तर कोणावरच भार पडत नाही.

पहिले काम कुंपणाचे. धान निघाले, धुऱ्यावरची तूर निघाली, लाखोळी-जवस निघू लागले की गावातली गुरे मोकळी सुटतात. गुरांना हिरवे कुठे दिसते, तर तुमच्या सांदवाडीत. एका शेळीने एका दुपारी महिन्याची मेहनत खाल्ली, असे कितीदा तरी होते. म्हणून बी टाकण्याआधी कुंपण नीट करावे. तुरीच्या तुराट्या जाळण्यात घालवू नका. त्यांतल्या सरळ नि जाड तुराट्या कुंपणाला आणि वेलांच्या आधाराला ठेवा. बाभळीच्या काट्या, बोरीच्या काट्या खालच्या बाजूला दाट लावाव्यात, म्हणजे कोंबड्याही शिरत नाहीत.

दुसरे काम बियाणे राखण्याचे. माझ्या मते हे सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष याकडेच होते. होते काय, की हंगामभर चांगली चांगली फळे आपण तोडून खातो नि विकतो. शेवटी झाडावर जी खुरटी, किडकी फळे राहतात, त्यांचे बी धरतो. मग पुढच्या वर्षी वाण बिघडला म्हणून कपाळाला हात लावतो! बी धरायचे ते उत्तम झाडाचे, मधल्या बहराचे, निरोगी फळाचे. असे झाड आजच हेरा. त्याला लाल चिंधी बांधा आणि घरात सर्वांना सांगून ठेवा, की या झाडाला हात लावायचा नाही.

वांगे झाडावरच पूर्ण पिवळे होऊ द्यावे. मग तोडून चार-सहा दिवस घरात ठेवावे, चिरून बी पाण्यात चोळून धुवावे. जे तळाला बसेल ते चांगले, जे तरंगेल ते फेकून द्यावे. भेदराचा गर बियांसकट वाटीत एक-दोन दिवस आंबू द्यावा, म्हणजे बियांवरचा बुळबुळीतपणा सुटतो. मग धुऊन वाळवावे. मिरची झाडावरच लालभडक होऊ द्यावी. पोपटाच्या आणि बरबटीच्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. सांभाराचे एक-दोन वाफे न कापता फुलावर सोडावेत. धणेही मिळतील आणि बियाणेही. कोणतेही बी कडक उन्हात तापलेल्या दगडावर किंवा पत्र्यावर वाळवू नये, सावलीत वाळवावे. पूर्ण वाळले म्हणजे चाळलेली कोरडी राख मिसळून बाटलीत भरावे, झाकण घट्ट लावावे आणि वर कागद चिकटवून नाव नि वर्ष लिहावे. बियाण्याचे शत्रू दोन, एक ओल आणि दुसरा कीड. राखेने आणि घट्ट झाकणाने दोन्ही आवरतात.

इथे दोन इशारे देतो. बाजारातल्या पुडीवर 'संकरित' असे लिहिले असेल, तर त्या पिकाचे बी पुढे धरू नये. पुढच्या पिढीत ती झाडे एकसारखी येत नाहीत. गावरान वाणाचेच बी धरावे. दुसरा इशारा लवकी, दोडके आणि काकडी यांविषयी. यांतले एखादे फळ कडू निघते. चिरल्यावर जिभेच्या टोकाने चव पाहावी, कडू लागले तर थुंकून टाकावे आणि ते फळ फेकून द्यावे. कडू लवकी औषधी असते असे समजून तिचा रस पिणाऱ्या माणसांना आपल्या देशात विषबाधा झाली आहे, काही दगावलीही आहेत. फळ कडू असेल तर शिजवूनही खाऊ नये, गुरांना घालू नये, आणि त्या वेलाचे बी तर मुळीच धरू नये.

आता उभ्या झाडांकडे वळू. वांग्याचे झाड थकले म्हणून उपटून टाकण्याची घाई करू नका. झाड निरोगी असेल तर त्याच्या जुन्या, वाळक्या फांद्या छाटाव्यात, बुडाशी माती भुसभुशीत करून दोन मुठी कुजलेले शेणखत द्यावे आणि पाणी सोडावे. नवी फूट येते आणि पुन्हा वांगी लागतात. जे शेंडे माना टाकून कोमेजलेले दिसतील, त्यांच्या आत अळी असते. ते शेंडे दोन बोटे खालून खुडून जाळावेत. नुसते खुडून तिथेच टाकले, तर अळी आपले काम पुरे करते. मेथी आणि सांभार आता लवकर फुलावर येतील, तेव्हा त्यांची नवी पेरणी करू नये. पालकाचा एखादा वाफा मात्र सावलीच्या बाजूला अजून टाकता येईल. चवळाई आणि आंबाडी ऊन सोसतात, म्हणून उन्हाळ्याची पालेभाजी म्हणजे हीच दोन, हे लक्षात ठेवावे.

तिसरे काम आळी करण्याचे. लवकी, दोडके, कारले, काकडी, कोहळे या वेलांना वाफे नकोत, आळी हवीत. दीड हात रुंद आणि एक हात खोल खड्डा करावा. खणलेली माती दोन-चार दिवस उन्हात तापू द्यावी. मग तीत निम्मे कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा आणि वर थोडी खोलगट जागा ठेवावी, म्हणजे पाणी बाहेर वाहून जाणार नाही. आपल्याकडे कन्हार जमीन आहे, तशी सिहार आणि बर्डीही आहे. कन्हार वाळली की भेगाळते, आणि हलक्या जमिनीत पाणी ठरत नाही. रोग दोन असले तरी औषध एकच आहे, ते म्हणजे शेणखत. गावच्या बोडीचा किंवा मामा तलावाचा काठ कोरडा पडला असेल, तर तिथला गाळ हलक्या जमिनीच्या आळ्यात जरूर घालावा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले हे तलाव धानासाठी होते हे खरे. पण त्यांच्या गाळातली सुपीकता भाजीलाही तितकीच मानवते.

बी केव्हा टाकावे? पहाटेची कडक थंडी मोडली की टाकावे, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. भेंडी, गवार, बरबटी आणि हे सर्व वेल उबेचे भुकेले असतात. थंड जमिनीत त्यांचे बी कुजते. त्याहून उशीर केला तर फुले येण्याच्या वेळी ऊन इतके चढते की ती गळतात. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवावे. कारल्याचे कवच जाड असते, तेही रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे आणि मोड दिसला की लावावे. एका आळ्यात चार-पाच बिया टोचाव्यात आणि रोपे चार पानांची झाली की जोमदार दोन ठेवून बाकीची काढावीत. इथे माया करू नये. पाच वेल एका आळ्यात ठेवले तर पाचही उपाशी राहतात.

वेलाची दोन पाने उघडली रे उघडली की तांबडे भुंगेरे येतात आणि पानांची चाळण करतात. पहाटे थंडीने हे भुंगेरे सुस्त असतात. तेव्हा मुलांनी ते वेचून राखेच्या पाण्यात टाकावेत. दव असतानाच पानांवर चाळलेली राख धुरळावी. पहिले पंधरा दिवस एवढे सांभाळले की पुढे वेल आपला जीव आपण सांभाळतो.

पुढे फुले येतील. पहिली फुले बहुतेक नर असतात, त्यांना फळ धरत नाही. "फूल आले नि गळाले" म्हणून घाबरू नका. ज्या फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते ते मादी फूल. नराचे पराग तिच्यावर पडल्याशिवाय फळ वाढत नाही. ते काम मधमाश्या आणि इतर कीटक करतात. कोहळ्याचे फूल पहाटे उमलते, लवकीचे नि दोडक्याचे दिवस मावळताना उमलते. माशी दिसत नसेल, तर नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावेत. घरातले दहा वर्षांचे मूल हे काम उत्तम करते. आणि म्हणूनच फुलांच्या दिवसांत विषारी औषधाची फवारणी टाळावी. माशी मेली तर फळ कुठून येणार? फळमाशीने टोचलेली, सडलेली फळे मात्र तिथेच पडू देऊ नयेत. ती रोज गोळा करून हातभर खोल पुरावीत.

चौथे काम ओल राखण्याचे. आमच्या या भागात पाऊस चांगला पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. माघापासून विहिरीचे पाणी खाली उतरू लागते. अशा वेळी पाणी जास्त घालण्यापेक्षा घातलेले पाणी टिकवणे हेच शहाणपणाचे. आणि ते टिकवण्याचे साधन तुमच्या अंगणात ढिगाने पडलेले आहे, ते म्हणजे तनस! गुरांपुरती तनस बाजूला काढा. जी भिजलेली, काळी पडलेली, गुरे तोंड लावत नाहीत अशी आहे, ती आळ्यात पसरा. चार बोटे जाडीचा थर द्यावा. खोडाला चिकटू देऊ नये, वीतभर जागा मोकळी सोडावी. तनस मातीत मिसळू नये, वर पसरावी. मातीत कालवली तर कुजताना ती झाडाचाच नत्राचा घास खाते. तनशीने ऊन थेट मातीवर पडत नाही, माती तापत नाही, तण उगवत नाही, आणि पावसाळ्यापर्यंत कुजून तिचेच खत होते. मात्र वाळवीवर लक्ष ठेवावे. थर मधूनमधून उचलून पाहावा आणि वाळवी दिसली तर तेवढी तनस काढून टाकावी.

पाण्याचा हिशोब असा. आठ आळी असतील आणि प्रत्येकाला एक दिवसाआड गुंडभर म्हणजे सुमारे दहा लिटर पाणी दिले, तर रोजचे सरासरी चाळीस लिटर पाणी लागते. पाच माणसांच्या घरात आंघोळीचे पाणी याहून जास्त वाहून जाते. न्हाणीचे पाणी सरळ सांदवाडीत वळवा. साबणाचे फेसाळ पाणी केळीला आणि धोप्याला द्यावे, वेलांना निवळ पाणी द्यावे. पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी घालावे, भर दुपारी घालू नये. आळ्याच्या मधोमध एक कच्चे, झिरपणारे मडके गळ्यापर्यंत पुरावे, ते भरून वर झाकण ठेवावे. ते हळूहळू झिरपते आणि मुळांना जेवढे हवे तेवढेच पाणी मिळते. वैशाखात जेव्हा विहीर तळ गाठते, तेव्हा या मडक्याची किंमत कळते.

झाडांविषयी थोडक्यात सांगतो. आंबे मोहरले आहेत. मोहर असताना झाडाला भरपूर पाणी देऊ नये. फळ वाटाण्याएवढे झाले की पाणी सुरू करावे. मोहरावर पांढरी भुरी दिसली तर गंधकाची भुकटी सकाळी धुरळावी. मुंगना आता फुलावर असेल. त्याच्या शेंगा तर आपण खातोच. पण त्याचा पाला ही खरी संपत्ती आहे. मुंगन्याच्या पाल्याइतकी डोळ्यांना आणि रक्ताला पोषक भाजी फुकटात दुसरी मिळणे कठीण. ज्याच्या सांदवाडीत मुंगना नाही, त्याने शेजाऱ्याकडे एक फांदी आताच सांगून ठेवावी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी लावावी. जामाच्या आणि गोडनिंबाच्या वाळक्या फांद्या याच दिवसांत काढाव्यात. आणि एक लक्षात असू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गारा पडतात; २०१४ साली याच दिवसांतल्या गारपिटीने महाराष्ट्रभर पिके झोडपली होती. आभाळ काळवंडले की कोवळ्या रोपांवर टोपल्या पालथ्या घालण्यास विसरू नये.

आता शिक्षक मित्रांशी दोन शब्द बोलतो. शाळांत पोषण परसबाग असावी, यासाठी केंद्र सरकारने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अनेक शाळांत परसबागा झाल्याही. पण दुखणे कुठे आहे, ते तुम्हीच जाणता. उन्हाळ्याची सुट्टी लागते, विदर्भातल्या शाळा उघडायला जूनची अखेर येते, आणि तोवर बागेचे वाळवंट होते. मुलांनी रडवेल्या तोंडाने ते पाहावे, असा धडा आपण त्यांना का द्यावा? म्हणून शाळेत आता जे लावायचे ते हिशोबाने लावा. फेब्रुवारीच्या आरंभी लावलेली भेंडी आणि बरबटी मार्चअखेर मुलांच्या खिचडीत पडते. पालक-चवळाई त्याहूनही लवकर येते. कायमची झाडे म्हणून मुंगना, गोडनिंब, पपई एवढीच ठेवावीत, म्हणजे सुट्टीत पाणी घालण्याचे काम चार-पाच झाडांपुरते उरते आणि ते शाळेजवळच्या एखाद्या घराला सांगता येते.

आणि सुट्टीआधी एक काम मुलांकडून अवश्य करून घ्या. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या एका गावरान भाजीचे मूठभर बी आणावे. आजीला विचारून त्याचे नाव लिहावे, ते कुठून आले, किती वर्षे घरात आहे, तेही लिहावे. मग बीजपरीक्षा करावी. वीस बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात, फडके रोज ओले ठेवावे आणि आठ दिवसांनी उघडावे. चौदा उगवल्या, तर शंभरात सत्तर. हे शेकडेवारीचे गणित फळ्यावर शिकवण्यापेक्षा असे शिकवलेले मूल जन्मात विसरत नाही. निम्म्याच उगवल्या, तर बी दुप्पट टाकावे लागेल, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. ज्या बाटल्या उत्तम ठरतील त्या शाळेच्या कपाटात ठेवाव्यात. जून-जुलैत गावात कोणाकडे बी नसेल, तर त्याने शाळेत यावे! साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे. काही अडले तर तिथल्या तज्ज्ञांना पत्र लिहावे. तेही मुलांनीच लिहावे.

तर बंधू-भगिनींनो, थोडक्यात पुन्हा सांगतो. आधी कुंपण करा. उत्तम झाडाला चिंधी बांधून बियाणे राखा. माघातच आळी भरून वेल लावा. तनस जाळू नका, ती आळ्यावर पसरा. न्हाणीचे पाणी वाया घालवू नका. यांतल्या एकाही कामाला पैसा लागत नाही. लागते ती वेळेवर केलेली मेहनत. सगळे एकदम जमले नाही, तरी निदान पहिली गोष्ट उद्याच करा. सकाळी सांदवाडीत जा, सर्वांत चांगले वांग्याचे झाड शोधा आणि त्याला चिंधी बांधा. बाकीचे काम आपोआप सुचेल.